उदासीन न राहिलेला शास्त्रज्ञ : पॉल लांझव्हँ

उमेळे (वसई), प्रतिनिधी : उमेळे गावापासून नायगावचा कोळीवाडा फार दूर नाही. वसईच्या किनाऱ्यावरून खोल समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक बोटींना माशांचा थवा हुडकणाऱ्या 'फिश फाइंडर'चे आता नवल राहिलेले नाही. पाण्यात ध्वनीचा झोत सोडायचा आणि तो तळावर किंवा थव्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, एवढेच त्याचे काम. हे तंत्र पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी जन्माला आले. त्याचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते ते फ्रेंच पदार्थवैज्ञानिक पॉल लांझव्हँ आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. ज्यांनी त्यांचे नाव ऐकले आहे, त्यांनीही ते बहुधा मारी क्युरी यांच्या चरित्रातील एका वादळी प्रकरणाच्या संदर्भातच ऐकलेले असते.

वास्तविक लांझव्हँ यांच्या वैज्ञानिक आयुष्याची सुरुवात समुद्राच्या तळाशी झाली नाही, ती हवेत झाली. वायूमधून विद्युत्भारित कण, म्हणजेच आयन, कसे वाट काढतात आणि वाटेत भेटणाऱ्या उदासीन अणूंशी त्यांचे काय नाते जडते, हा त्यांच्या तारुण्यातील ध्यास होता. त्यातून निघालेले एक सूत्र पुढे कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिले. आज मात्र त्यांच्या साऱ्या कामगिरीत कदाचित त्याचाच वापर सर्वाधिक होत असावा.

लांझव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमधील माँमार्त्र भागात झाला. पॅरिस कम्यूनचा उठाव रक्तात बुडवला गेल्याला तेव्हा वर्षही लोटले नव्हते. वडील इमारतींच्या बांधकामाची मोजमापे तपासण्याचे काम करीत. विचाराने ते कट्टर प्रजासत्ताकवादी होते आणि कम्यूनच्या दिवसांत रस्त्यांवर पाहिलेले प्रसंग ते मुलांना सांगत. आईचे नाते मनोरुग्णांच्या साखळ्या काढून टाकणाऱ्या फिलिप पिनेल या डॉक्टरांच्या घराण्याशी होते. घरात श्रीमंती नव्हती; शिक्षणाची ओढ मात्र होती.

सोळाव्या वर्षी त्यांनी पॅरिस नगरपालिकेच्या औद्योगिक भौतिकी व रसायन विद्यालयात प्रवेश घेतला. १८८२ साली स्थापन झालेली ही संस्था प्रतिष्ठितांची नव्हती. कारखान्यांना लागणारे कुशल तंत्रज्ञ तयार करणे हा तिचा हेतू. पण तेथील प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवणारे मितभाषी शिक्षक होते पिएर क्युरी. लांझव्हँ यांना त्यांच्यामुळेच संशोधनाची गोडी लागली. पुढे त्यांनी एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला, १८९७ साली शिक्षकीची पात्रता परीक्षाही पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि पॅरिस शहराच्या शिष्यवृत्तीवर ते एका वर्षासाठी केंब्रिजला गेले.

ते वर्ष मोक्याचे होते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी त्याच साली इलेक्ट्रॉनचा शोध जाहीर केला होता. न्यूझीलंडहून आलेले अर्नेस्ट रदरफर्ड आणि आयर्लंडचे जॉन टाउनसेंड हे तरुण तेथे काम करीत होते. दोनच वर्षांपूर्वी रंटगेन यांचे क्ष-किरण जगासमोर आले होते आणि त्या किरणांनी हवेत विद्युत्वाहकता निर्माण होते, हे कोडे प्रयोगशाळेत सर्वांना पछाडून होते. एरवी हवा विद्युत्रोधक असते. क्ष-किरण तिच्यातील अणू-रेणूंपासून इलेक्ट्रॉन तोडतात आणि धन व ऋण भारांचे आयन तयार होतात, असा उलगडा थॉमसन आणि रदरफर्ड यांनी केला होता. हे आयन हवेत चालतात कसे, या प्रश्नाला लांझव्हँ यांनी हात घातला. १९०२ साली पिएर क्युरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी याच विषयावर प्रबंध सादर केला.

विषय समजून घ्यायला विरार लोकलच्या प्रवाशाला फार प्रयास पडू नयेत. दादरच्या पुलावर संध्याकाळी समोरून लोंढा येत असताना आपल्याला पुढे जायचे असते. मोकळ्या मैदानात धावणारा माणूस वेग वाढवत नेऊ शकतो. गर्दीत मात्र चार पावले टाकली की धक्का, पुन्हा चार पावले, पुन्हा धक्का. परिणामी एक सरासरी चाल ठरून जाते. वायूतील आयनाचेही असेच. विद्युत्क्षेत्र त्याला ढकलत राहते, वायूचे अणू त्याला अडवत राहतात आणि त्याला एक ठरावीक मंद गती प्राप्त होते. ठरावीक विद्युत्क्षेत्रात ती किती असते, यास आयनाची चलनक्षमता म्हणतात. साध्या हवेत दर सेंटिमीटरला एक व्होल्ट इतके क्षेत्र असेल तर लहान आयन सेकंदाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर सरकतो. हवेचे रेणू स्वतः सेकंदाला शेकडो मीटर वेगाने इतस्ततः धावत असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चाल किती संथ आहे ते कळेल.

तथापि गर्दीची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आणि लांझव्हँ यांचे मोठेपण नेमके त्या ठिकाणी आहे. पुलावरच्या गर्दीला आपल्याशी काही देणेघेणे नसते. अणूही विद्युत्दृष्ट्या उदासीन, म्हणजे त्यातील धन आणि ऋण भार समसमान. मग आयनाशी त्याचा संबंध फक्त टकरीपुरता असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. लांझव्हँ यांनी दाखवले की तसे नाही. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की ते उडून त्याला चिकटतात, हा खेळ शाळेत सर्वांनी केलेला असतो. कपट्यांवर कोणताही भार नसतो. पण भारित कंगवा जवळ येताच त्यांच्यातील धन-ऋण भार किंचित इकडेतिकडे सरकतात आणि आकर्षण निर्माण होते. आयन जवळ आला की अणूमध्येही हेच घडते. त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग थोडा कलतो आणि तो आयनाकडे ओढला जातो. यालाच ध्रुवीभवन म्हणतात.

हे आकर्षण अंतराच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर निम्मे झाले की ओढ दुप्पट वा चौपट नव्हे, बत्तीस पट होते. दूरवर त्याचा मागमूस नसतो, जवळ येताच मात्र ते अणूला खेचून घेते. ही ओढ हिशेबात घेऊन आयनांच्या चलनक्षमतेचे सूत्र लांझव्हँ यांनी १९०५ साली एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९०३ साली विरुद्ध भारांचे आयन एकमेकांना भेटून भार कसे गमावतात, त्याचा दर त्यांनी चलनक्षमतेवरूनच काढून दाखवला होता. आयनांच्या वेगातून त्यांच्या अंताचा हिशेब मांडणारे हे गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९०५ हे वर्ष भौतिकीच्या इतिहासात आइन्स्टाइन यांचे मानले जाते. त्याच वर्षी लांझव्हँ यांनी चलनक्षमतेच्या सूत्राखेरीज पदार्थांच्या चुंबकत्वाचा सिद्धांतही मांडला आणि हवेतील 'मोठ्या आयनां'चा शोध लावला. शहराच्या हवेत धूळ, धूर आणि बाष्पाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. लहान आयन त्यांना चिकटतात आणि त्यांची चाल हजारो पटींनी मंदावते. म्हणूनच प्रदूषित हवेची विद्युत्वाहकता स्वच्छ हवेपेक्षा कमी असते. जगात अनेक घरांच्या छतांना लावलेली आयन पद्धतीची धूरसूचक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. धुराचे कण आयनांना पकडून जड करतात, यंत्रातील क्षीण प्रवाह आणखी क्षीण होतो आणि घंटा वाजते.

असे असूनही १९०५ चे ते सूत्र दीर्घकाळ अडगळीत पडून राहिले. गणित किचकट होते, आणि त्या काळच्या प्रयोगांशी ते नीट जुळतही नव्हते. दोष सूत्राचा नव्हता, वायूंच्या अशुद्धतेचा होता. जराशी पाण्याची वाफ असली तरी तिचे रेणू आयनाभोवती गोळा होऊन त्याचे वजन बदलून टाकत. १९२६ साली इंग्लंडमधील हासे यांनी ती गणिते नव्याने तपासली आणि पुढे ब्रिस्टल विद्यापीठात टिंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशुद्ध वायूंमध्ये मोजमापे केली, तेव्हा कुठे लांझव्हँ यांच्या म्हणण्यातील तथ्य दिसून आले.

भारतातही या क्षेत्रात काम झाले आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एस. एस. जोशी यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत एक विलक्षण गोष्ट नोंदवली. क्लोरीनसारख्या वायूतून विद्युत् विसर्जन चालू असताना त्यावर प्रकाश टाकला की प्रवाह वाढण्याऐवजी तत्क्षणी घटतो. प्रकाशाने सुटे झालेले चपळ इलेक्ट्रॉन उदासीन क्लोरीनने पकडले की त्यांचे जड, मंद ऋण आयन होतात, हा त्यामागील स्पष्टीकरणाचा गाभा. ही घटना 'जोशी परिणाम' या नावाने त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत चर्चिली गेली. आपल्याकडे मात्र तिची आठवण फारशी कुणी काढत नाही, ही खेदाची बाब होय.

लांझव्हँ १९०९ साली कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. तोवर पिएर क्युरी यांचे अपघाती निधन होऊन तीन वर्षे झाली होती. सापेक्षतेचा सिद्धांत फ्रान्समध्ये रुजवण्याचे श्रेय मुख्यतः लांझव्हँ यांचे. १९११ च्या एप्रिलमध्ये इटलीतील बोलोन्या येथे भरलेल्या तत्त्वज्ञान परिषदेत त्यांनी प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण मांडले. त्याची दोन वर्षे सरतात तोवर पृथ्वीवर दोनशे वर्षे उलटून गेलेली असतात. पुढे हेच उदाहरण जुळ्या भावांच्या रूपाने पाठ्यपुस्तकांत गेले. आपण सापेक्षता मांडली नसती तर ती लांझव्हँ यांनी मांडली असती, असे आइन्स्टाइन यांचे मत होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आले. पत्नीशी त्यांचे फार काळापासून पटत नव्हते, आणि विधवा मारी क्युरी यांच्याशी त्यांचे निकटचे संबंध जुळले होते. चोरून मिळवलेली पत्रे वृत्तपत्रांत छापली गेली. मारी यांना दुसरे नोबेल पारितोषिक जाहीर झाले त्याच महिन्यात त्यांच्यावर परकी बाई म्हणून चिखलफेक झाली. लांझव्हँ यांनी एका संपादकाला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. प्रत्यक्षात गोळी कुणीच झाडली नाही. वृत्तपत्रांच्या इतिहासातील हे पान आम्हा पत्रकारांना अभिमान वाटावा असे खचितच नाही. यात किंमत मोजली ती प्रामुख्याने मारी यांनी. लांझव्हँ यांच्या पदाला वा प्रतिष्ठेला तेवढी झळ लागली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

युद्ध सुरू झाल्यावर १९१५ मध्ये कॉन्स्टन्टिन चिलोव्स्की या रशियन अभियंत्याची एक कल्पना त्यांच्याकडे आली. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीने पाण्याखालील वस्तू शोधता येईल काय? सुरुवातीचे प्रयोग पॅरिसमध्ये सेन नदीत झाले. १९१७ मध्ये लांझव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिक वापरून पाहिला. दाब दिला की वीज निर्माण करणारा आणि वीज दिली की कंप पावणारा हा स्फटिकांचा गुण १८८० साली पिएर क्युरी आणि त्यांचे बंधू झाक यांनीच शोधला होता. गुरूचा जुना शोध शिष्याच्या कामी आला. तूलाँ बंदरातील चाचण्यांत झोताच्या वाटेत आलेले लहान मासे मरून तरंगताना दिसले आणि पाण्यात हात घातल्यास वेदना होत. १९१८ च्या सुरुवातीला पाणबुडीवरून परतलेला प्रतिध्वनी पकडण्यात त्यांना यश आले. त्या युद्धात या साधनाचा फारसा उपयोग होण्याआधीच युद्ध संपले. सोनार, समुद्राची खोली मोजण्याची यंत्रे आणि रुग्णालयातील सोनोग्राफी यांची मुळे या प्रयोगांत आहेत.

शिक्षक म्हणून ते थोर होते. लुई द ब्रॉय यांचा द्रव्यतरंगांवरील प्रबंध १९२४ साली त्यांच्यासमोर आला, तेव्हा त्याचे महत्त्व ओळखून त्यांनी तो आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. त्याच वर्षी ढाक्याहून पॅरिसला आलेल्या तरुण सत्येंद्रनाथ बोस यांना सिल्व्हँ लेव्ही या संस्कृतज्ञांनी लांझव्हँ यांच्याकडे पाठवले, आणि लांझव्हँ यांनी त्यांना मादाम क्युरींच्या प्रयोगशाळेचा रस्ता सुचवला. फ्रेदेरिक झोलिओ हे त्यांचे विद्यार्थी त्यांच्याच शिफारशीने तेथे गेले आणि पुढे मारी यांचे जावई व नोबेल विजेते झाले.

प्रयोगशाळेबाहेर काय चालले आहे याकडे पाठ फिरवणे लांझव्हँ यांना कधी जमले नाही. ड्रायफस प्रकरणात केंब्रिजचा विद्यार्थी असतानाच त्यांनी निवेदनावर सही केली होती. १९२० च्या संपात आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना संपकऱ्यांच्या जागी राबवण्यास त्यांनी विरोध केला. १९३४ साली पॅरिसमध्ये फॅसिस्ट टोळ्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ पॉल रिव्हे आणि तत्त्वज्ञ आलँ यांच्यासह त्यांनी फॅसिझमविरोधी बुद्धिजीवींची समिती उभारली. १९३८ च्या म्युनिच कराराला समितीतील अनेकांनी शांततेच्या नावाने मान्यता दिली. लांझव्हँ यांनी मात्र त्याचा उघड निषेध केला. भाबडेपणाने ते सोव्हिएत रशियाच्या बाजूने झुकत गेले, हा त्यांच्यावरील आक्षेप निराधार नाही. पण त्यांच्या निर्भयतेविषयी टीकाकारांनाही शंका नव्हती.

१४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. ३० ऑक्टोबर रोजी अडुसष्ट वर्षांच्या लांझव्हँ यांना त्यांच्या प्रयोगशाळेतून अटक झाली. सांते तुरुंगात त्यांना सुमारे चाळीस दिवस कोठडीत ठेवण्यात आले आणि व्हिशी सरकारने त्यांना पदावरून दूर केले. विद्यार्थी गप्प बसले नाहीत. ८ नोव्हेंबर रोजी कॉलेज द फ्रान्ससमोर त्यांनी निदर्शने केली, आणि तीनच दिवसांनी पहिल्या महायुद्धाच्या विरामदिनी हजारो तरुण विजय कमानीकडे निघाले. व्याप्त पॅरिसमधील तो पहिला मोठा जाहीर निषेध होता.

डिसेंबरमध्ये त्यांना सुटकेऐवजी पॅरिसपासून दूर त्रॉय या गावी नजरकैद मिळाली. तेथे प्रयोगशाळा नव्हती, कागद आणि पेन्सिल होती. त्यांनी पुन्हा टकरींचे गणित हाती घेतले. या वेळी आयन नव्हते. विषय होता वेगवान न्यूट्रॉन, म्हणजे स्वतःच भाररहित असलेला कण, अणुकेंद्रकांवर आदळत कसा मंदावतो हा. हे काम १९४२ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी घरावर आघात झाला. त्यांची कन्या एलेन हिचे पती झाक सोलोमों हे पुंज भौतिकीचे बुद्धिमान अभ्यासक होते आणि प्रतिकार चळवळीसाठी गुप्त नियतकालिके काढीत होते. मार्चमध्ये ते पकडले गेले आणि २३ मे १९४२ रोजी माँ-व्हालेरियँ किल्ल्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एलेनलाही अटक झाली. २४ जानेवारी १९४३ रोजी २३० स्त्रियांना घेऊन आउश्विट्झकडे निघालेल्या गाडीत ती होती. त्या २३० पैकी परत आल्या फक्त ४९. नजरकैदेतील वृद्ध पित्याला मुलगी हयात आहे की नाही, याची चिंता दीर्घकाळ जाळत राहिली.

मे १९४४ मध्ये मित्रांच्या मदतीने ते सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला निसटले आणि पॅरिस मुक्त झाल्यावर परतले. आपल्या जुन्या विद्यालयाची सूत्रे त्यांनी पुन्हा हाती घेतली. कम्युनिस्ट पक्षात ते रीतसर दाखल झाले ते याच वर्षी. सरकारने नेमलेल्या शिक्षण सुधारणा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. अठराव्या वर्षापर्यंत सर्वांना शिक्षण मिळावे, असा या आयोगाचा आग्रह होता. १९४५ मध्ये एलेन जिवंत परतली. त्यानंतर जेमतेम दीड वर्षाने, १९ डिसेंबर १९४६ रोजी लांझव्हँ यांचे निधन झाले. अहवाल पुढल्या वर्षी आंरी वालों यांनी सादर केला. दोघांच्या नावाने ओळखला जाणारा तो आराखडा पूर्णपणे कधीच अमलात आला नाही.

त्यांच्या सूत्राची कहाणी मात्र त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाली. १९५८ साली रसायनशास्त्रज्ञांना आढळले की आयन आणि उदासीन रेणू यांच्यातील रासायनिक अभिक्रियांचा वेग १९०५ च्या त्याच आकर्षणातून काढता येतो. विशेष म्हणजे हा वेग तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो. आयन सावकाश जात असेल तर रेणूला ओढले जायला अधिक अवधी मिळतो, त्यामुळे थंडीने झालेली तूट भरून निघते. ताऱ्यांमधील अतिशीत मेघांत, जेथे साध्या अभिक्रिया गोठून जाव्यात, तेथे इतके नानाविध रेणू तयार कसे होतात, याचे उत्तर १९७३ साली हर्ब्स्ट आणि क्लेम्पेरर यांनी याच आधारावर दिले. भ्रमणध्वनीच्या ओएलईडी पडद्यात प्रकाश निर्माण करणारे भार एकमेकांना कसे गाठतात, हे मांडताना १९०३ चा हिशेब वापरतात. विमानतळावर बॅगेवरून कापडी पट्टी फिरवून ती ज्या यंत्रात घालतात, त्यात स्फोटकांचे रेणू आयन बनून वायूतून किती वेगाने सरकले हे पाहिले जाते. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत अतिशीत उदासीन अणूंच्या साह्याने आयन थंड करण्याचे प्रयोग झाले आणि ते २०१२ साली प्रसिद्ध झाले.

१७ नोव्हेंबर १९४८ रोजी लांझव्हँ यांचे अवशेष त्यांचे स्नेही झाँ पेराँ यांच्यासह पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये समारंभपूर्वक नेण्यात आले. त्याच वर्षी त्यांचा नातू मिशेल आणि मारी क्युरी यांची नात एलेन झोलिओ यांचा विवाह झाला. दोघेही अणुकेंद्रकीय भौतिकीचे अभ्यासक होते. १९९५ च्या एप्रिलमध्ये पिएर आणि मारी क्युरी यांनाही पाँतेऑनमध्ये आणले गेले. तेव्हापासून गुरू, मारी आणि शिष्य तिघेही एकाच छताखाली आहेत.